मुलीच्या दाखल्याला पाचशेचा स्टॅम्प लागतोच का? आणि हे विचारायचं कोणाला?

पाटणची लेक, कोपरखैरणे (६ जुलै २०२५)

नमस्कार. इथलं नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची मोठी यंदा बारावी झाली. सीईटीला चांगले पर्सेंटाइल आले, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. तिचे पप्पा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत, सव्वीस वर्षं एकाच टोळीत. पाठीवर गोणी वाहून त्यांनी दोन्ही पोरींना शिकवलं. आता ॲडमिशनच्या वेळी माझ्याकडून एखादा कागद राहिला असं व्हायला नको, एवढंच डोक्यात घेऊन महिनाभर फिरतेय.

गेल्या वर्षी ८ जुलैला सरकारने निर्णय काढला. ज्या घराचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तिथल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. मी तो निर्णय वहीत उतरवून घेतला होता. आमच्यासारख्या घराला हा फार मोठा आधार आहे आणि ज्यांनी दिला त्यांचे आभार मानायला मला कमीपणा वाटत नाही.

पण माफी मिळवायची तर आधी दाखले. उत्पन्नाचा, अधिवासाचा, आणि नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घर वरच्या उत्पन्नगटात नसल्याचा. आपली नवी मुंबई महानगरपालिका वेगळी असली तरी आपला तालुका ठाणेच आहे, हे इथे नवीन राहायला आलेल्यांना माहीत नसतं. ऑनलाइन अर्ज करून बघितला, नेटकॅफेवाल्याकडे दोनदा कागद अपलोड झाले नाहीत. शेवटी मंगळवारी ह्यांनी खाडा केला, सकाळची गाडी पकडून आम्ही ठाण्याला उतरलो. माथाडी बोर्डाचा पगाराचा दाखला, रेशनकार्ड, लाइट बिल, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत.

तहसील कचेरीच्या बाहेर टायपिंगवाल्याने सांगितलं, नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि ते पाचशेच्या स्टॅम्पवरच होतं, शंभरचा आता बंद झाला. स्टॅम्प ५००, टायपिंग १४०, नोटरी २००. एकूण ८४०. देऊन टाकले. मग तो म्हणाला, अधिवासाचं वेगळं करावं लागेल, परत पाचशेचा. तेव्हा मात्र माझा हात थांबला. मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, ‘काकू, हे तर मार्चमध्येच माफ झालंय.’ टायपिंगवाला म्हणाला, पेपरात काहीही येतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि दुसरं प्रतिज्ञापत्र न करताच परत आलो.

८४० रुपये म्हणजे लाडक्या बहिणीच्या १५०० मधले निम्म्याहून जास्त. ह्यांचा खाडा वेगळाच.

माझा पहिला प्रश्न साधा आहे. लागतो का पाचशेचा स्टॅम्प?

दुसरा जरा अवघड आहे, पण विचारते, कारण त्यावरून आमच्या घरात त्या रात्री जेवणं झाली नाहीत. ह्यांचं म्हणणं, सगळे सारखेच, बोलून उपयोग नाही. सासरे गावाहून आलेत, ते म्हणतात आपल्या पाटणचे शंभूराज देसाई मंत्री आहेत, आधी ठाण्याचे पालकमंत्रीही होते, त्यांच्या माणसांना सांगू. दीर युनियनमधल्या ओळखी काढतो. पण युनियनचे मोठे पुढारी तरी एका पक्षात कुठे आहेत? नरेंद्र पाटील भाजपमध्ये, शशिकांत शिंदे शरद पवारांच्या पक्षात. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली एकच माथाडी चळवळ, तिच्यात वाढलेले दोघे दोन बाजूला. माथाड्याने आपलं काम कोणाकडे न्यायचं?

मला एक गोष्ट खूप लागली आहे. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरायला आमच्या गल्लीत तीन पक्षांची तीन टेबलं होती. पोरं घरी येऊन कागद घेऊन जायची, झेरॉक्सचे पैसेही मागितले नाहीत. चांगलं केलं. पण ह्या दाखल्यांसाठी, जे नसले तर मुलीची लाखभराची फी माफ होणार नाही, एकही टेबल नाही. ऑक्टोबरमध्ये टोल माफ झाला तेव्हा नाक्यापासून आमच्या सेक्टरपर्यंत आभाराचे बॅनर होते. त्याच आठवड्यात शंभरच्या स्टॅम्पचे पाचशे झाले. त्याचा बॅनर कोणी लावला नाही आणि विरोधाचाही मला दिसला नाही.

कोणाला माहिती असेल तर खरं काय ते सांगा.

कोपरीकर (७ जुलै)

ताई, मी महसूल खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली छत्तीस वर्षं कागदातच गेली, म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

लागत नाही. आणि हे आजचं नाही. जात, उत्पन्न, अधिवास, राष्ट्रीयत्व यांच्या दाखल्यांसाठी, तसंच सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुद्रांक अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने ज्या दस्तांना १०० किंवा २०० रुपये लागायचे त्यांना ५०० केले. करार, हक्कसोड, खाजगी कामाची प्रतिज्ञापत्रं. त्यामुळे लोकांचा आणि विक्रेत्यांचा समज झाला की सरसकट सगळंच पाचशेवर. विद्यार्थ्यांकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा या मार्चमध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी पुन्हा जाहीर केलं की जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर, राष्ट्रीयत्व यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क नाही. म्हणजे तुमच्यामागचा मुलगा बरोबर बोलत होता.

बऱ्याच कामांना तर प्रतिज्ञापत्रही नको. २०१५ च्या शासन निर्णयाने त्याच्या जागी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणलं. अधिवासासाठी अर्जासोबतचं स्वयंघोषणापत्र भरा, मुलीचा फोटो लावा, सही करा.

तुमचे पाचशे आता परत मिळणार नाहीत, हे सांगताना वाईट वाटतं. त्यावर मजकूर टाइप होऊन सही झाली, म्हणजे तो वापरला गेला. न वापरलेला स्टॅम्प असता तर खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून दहा टक्के कापून उरलेले मिळाले असते. इतरांनी हे लक्षात ठेवावं, घाईत घेतलेले कितीतरी स्टॅम्प घरोघरी पडून असतात.

अर्ज दिल्यावर पोचपावती घ्याच. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर कार्यालयातच पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोचपावती नसेल तर यातलं काही करता येत नाही. सेवा केंद्रातून अर्ज केलात तर त्यांचं शुल्क आता ५० रुपये आहे, त्याचीही पावती मागा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचं आहे, कारण त्याने मलाही झोप लागत नाही. मुलासाठी २०२२ च्या मे महिन्यात घोडबंदरला घर घेतलं, साठ लाखांचं. मुद्रांक शुल्क सात टक्के. त्यातला एक टक्का, म्हणजे साठ हजार, मेट्रोचा अधिभार. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात महाविकास आघाडीने मुंबई महानगर प्रदेशासाठी दोन वर्षं एक टक्का सवलत दिली होती. मुदत संपली आणि १ एप्रिल २०२२ पासून अधिभार सुरू झाला. मी एक महिना उशीर केला आणि साठ हजार गेले. जूनअखेर ते सरकार गेलं, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आमच्याच कोपरी-पाचपाखाडीचे. अधिभार राहिला. डिसेंबर २०२४ ला देवेंद्र फडणवीस आले, अधिभार आहेच. घोडबंदर रोडला खांब उभे राहिलेत, मेट्रोत अजून बसलेलो नाही.

मी आयुष्यभर एकाच पक्षाला मत दिलं. तो पक्षच २०२२ मध्ये दोन झाला आणि धनुष्यबाण कोणाकडे, मशाल कोणाकडे यावर आमच्या शाखेत मित्रांची तोंडं फिरली. एवढ्या भांडणात त्या एका टक्क्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारला नाही. दोन्हीकडच्यांनी ते पैसे घेतले आहेत.

ऐरोली ते विक्रोळी (७ जुलै)

वहिनी, मुलीचं अभिनंदन. काकांनी नीट समजावलं आहे, त्यात मला भर घालायची नाही.

फक्त टोलबद्दल बोलतो, कारण त्यावर माझं घर चालतं. माझी स्वतःची गाडी आहे, ऐरोलीहून विक्रोळी-पवईच्या ऑफिसची माणसं सोडतो. एका वेळचे ४५ रुपये होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये चाळीसचे पंचेचाळीस झाले होते. महिन्याला किती होतात ते करून बघा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बारापासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना माफी मिळाली. त्या रात्री मी मुद्दाम गाडी काढली होती. वीस वर्षं लोक मागत होते ते झालं. निवडणूक जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी झालं, मान्य. पण झालं. माझं मत मी त्यासाठी दिलं आणि पुन्हाही देईन. कोणी काही चांगलं केलं तर ते निवडणुकीसाठी केलं म्हणून मातीत घालू नये, असं मला वाटतं.

पण वहिनी म्हणतात ते मलाही पटतं. सध्या मी जुन्या गाडीच्या नंबरप्लेटच्या मागे आहे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवीन सुरक्षा प्लेट. स्कूटरला जीएसटी धरून ५३१, चारचाकीला ८७९. मुदत मार्चची होती, मग एप्रिल, मग जून, आता १५ ऑगस्ट. मी पहिल्याच मुदतीला भीतीने पैसे भरले, तारीख मिळाली अडीच महिन्यांनंतरची. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक आपल्याच ठाण्याचे, ओवळा-माजिवड्याचे. ते जवळ आहेत म्हणून तरी आपल्या अडचणी लवकर पोचाव्यात ना? मी त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून हक्काने सांगतो. आपल्या माणसाला आपणच सांगायला पाहिजे. विरोधक बोलले की ते राजकारण होतं आणि ऐकणारा कान बंद करतो.

दिवाळेगावकर (८ जुलै)

ताई, तुम्ही विचारलं कोणाकडे जायचं. खरं तर पहिला माणूस नगरसेवक. आपल्या पालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. पाच वर्षं झाली. ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. ज्या पोरांनी गेल्या पाच वर्षांत अठरा पूर्ण केली, त्यांनी नगरसेवकाला एकदाही मत दिलेलं नाही. दाखल्याचं काम पालिकेचं नसतं हे मला कळतं, पण पूर्वी नगरसेवकाच्या ऑफिसात एक बाई बसलेली असायची. कोणता कागद कुठे, फुकट काय, पैसे कशाला, ती सांगायची. आमच्या गावातल्या कोळणी थेट तिच्याकडे जायच्या. ती खुर्चीच राहिली नाही. मग गरीब माणूस रस्त्यावरच्या टायपिंगवाल्याला विचारतो आणि तो सांगेल तोच त्याच्यासाठी कायदा होतो.

राजकारणाचं म्हणाल तर गेल्या विधानसभेला आमच्या बेलापुरात काय झालं बघा. गणेश नाईक भाजपकडून ऐरोलीत, त्यांचा मुलगा संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षाची तुतारी घेऊन बेलापुरात, समोर भाजपच्या मंदाताई म्हात्रे. ३७७ मतांनी मंदाताई निवडून आल्या. एवढ्या अटीतटीची निवडणूक, दारोदार माणसं आली, माझ्या घरी चार वेळा. मी प्रत्येकाला एकच विचारलं, आमच्या गरजेपोटी विनापरवाना बांधलेल्या घरांचं काय आणि हे शहर वसवणाऱ्या सिडकोला घराच्या प्रत्येक व्यवहारात हस्तांतरण शुल्क का द्यायचं? एकानेही मला आकडा सांगितला नाही. जमीन आमच्या बापजाद्यांची, सिडको १९७० ला आली, आणि आज माझ्या मेहुण्याने वाशीतला जुना दोन खोल्यांचा फ्लॅट विकला तर आधी सिडकोची परवानगी, मग शुल्क, मग मुद्रांक, मग नोंदणी.

म्हणून मी आता पक्ष विचारत नाही. दारात येणाऱ्याला तीन शुल्कं विचारतो, किती आहे, कधी वाढलं, तुम्ही सभागृहात होता का. पुढच्या वेळी तुम्हीही हेच विचारा ताई.

पाटणची लेक (११ जुलै)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

कोपरीकर काकांनी सांगितलेल्या आदेशाची आणि मार्चच्या बातमीची प्रिंट मुलीने काढली. काल मी एकटीच गेले, ह्यांचा खाडा नको म्हणून. अधिवासाचं स्वयंघोषणापत्र घरीच तिच्या अक्षरात लिहून नेलं. खिडकीतल्या बाईंनी आधी विचारलं, स्टॅम्प कुठे? मी प्रिंट पुढे सरकवली. माझा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. सातवी शिकलेली मी, मी कोणाला कायदा दाखवतेय असं वाटलं. त्यांनी वाचलं, आत जाऊन विचारून आल्या आणि म्हणाल्या, ‘ठीक आहे, चालेल.’ बस. एवढंच होतं ते. पोचपावती मिळाली, वहीत चिकटवली आहे.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर शंभर माणसांची रांग होती. टायपिंगवाल्यावरही मंगळवारइतका राहिला नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल. पण जे २००४ पासून माफ आहे ते खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहून का लावलेलं नाही? २००४ पासून ह्या राज्यात काँग्रेस आली, राष्ट्रवादी आली, भाजप आली, शिवसेना दोन्ही आल्या. ह्यातला प्रत्येक जण खुर्चीवर बसून गेला. एका फळ्याला किती खर्च येतो? मी परत येताना गाडीत हाच विचार करत होते. ठाण्याहून कोपरखैरणे येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं. पाचशे रुपये गेल्याचं नव्हतं ते. ह्यांनी त्या दिवशी पैसे मोजून देताना एक शब्द विचारला नव्हता, आपल्याला विचारायचा अधिकार आहे हेच त्यांना कधी वाटलं नाही, त्याचं होतं.

ऐरोलीचे दादा, तुमचं म्हणणं मला पटलं. आपल्या माणसाला आपणच सांगायचं. मी लाडक्या बहिणीचे पैसे घेते, मुलीची फी माफ होणार तीही घेणार, आणि तरीही विचारणार. २१०० म्हणाले होते ते कधी, हेही विचारणार. घेतलं म्हणून तोंड बंद ठेवायचं असं थोडंच आहे.

सासऱ्यांना मी म्हटलं, तुम्ही गावाकडे गेलात की देसाई साहेबांच्या माणसांना हे सांगा, पाटण तालुक्यातल्या मुली पण ह्याच रांगेत असतील. ते हो म्हणाले. दिराने युनियनच्या ऑफिसात फळा लावायचं कबूल करून आणलं आहे. तिथे कोण कुठल्या पक्षाचा हे त्याने विचारलं नाही.

ऐरोली ते विक्रोळी (११ जुलै)

वहिनी, वाचून बरं वाटलं. नॉन क्रिमीलेयरचं काय झालं?

पाटणची लेक (११ जुलै)

त्याचा अर्ज घेतला, पाचशेच्या स्टॅम्पसकट. पंधरा दिवसांनी बोलावलंय. तारीख उलटली तर अपील कसं लिहायचं ते काकांना विचारेन.

आमच्या बिल्डिंगमधल्या तिघी मुलींचे दाखले बाकी आहेत, सोमवारी त्यांना मी घेऊन जाणार आहे. माझ्याकडची प्रिंट फिकी आली आहे, दुसऱ्या पानावरचं काही वाचता येत नाही. कोणाकडे २००४ च्या आदेशाची स्पष्ट प्रत असेल तर रविवार संध्याकाळपर्यंत इथे टाका. मी चार प्रती काढेन, एक खिडकीतल्या बाईंसाठी.